१९५२ ला बाबासाहेब नेमके हरले कसे? मतांचा हिशोब लागत नाहीये

चहाबाज

नमस्कार मंडळी,

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून जुंपलीये. कुणीतरी फॉरवर्ड टाकला की पहिल्या लोकसभा निवडणुकीत नेहरूंनी बाबासाहेबांसमोर त्यांचाच पीए उभा केला आणि त्यांना पाडलं. लगेच मामा उसळले, ते जुने समाजवादी, त्यांचं म्हणणं नेहरूंचं नाव कशाला घेता, पाडलं ते कम्युनिस्ट डांग्यांनी. मग आत्तेभाऊ म्हणतो कुणी पाडलं बिडलं नाही, काँग्रेसची लाट होती, मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या माणसाला कोण विचारतो. तिघं तेच तेच बोलतायत आणि आकडा एकाच्याही तोंडात नाही.

म्हणून मी १९५१-५२ चा निवडणूक आयोगाचा निकाल काढला, तर आता मीच जास्त गोंधळलोय. मतदारसंघ मुंबई शहर उत्तर (नेटवर बऱ्याच ठिकाणी उत्तर मध्य लिहिलेलं असतं). आकडे असे:

विठ्ठल बाळकृष्ण गांधी, काँग्रेस – १,४९,१३८
अशोक मेहता, समाजवादी – १,३९,७४१
नारायण सदोबा काजरोळकर, काँग्रेस – १,३८,१३७
डॉ. आंबेडकर, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन – १,२३,५७६
श्री. अ. डांगे, कम्युनिस्ट – ९६,७५५
खाली आणखी तिघंजण आहेत, त्यांची मतं बरीच कमी.

निवडून आले गांधी आणि काजरोळकर. आता मला सांगा, दोन नंबरला मेहता आहेत, मग ते घरी आणि तीन नंबरचे काजरोळकर दिल्लीला, हे कसं काय? बरं मेहता आणि बाबासाहेब यांची युती होती म्हणतात, मग दोघांच्या मतांत सोळा हजारांचा फरक कुठून आला? आणि डांगे राखीव जागेचे उमेदवारच नव्हते तर ते बाबासाहेबांना पाडणार कसे, हे मामांना विचारलं तर ते म्हणतात तुला कळायचं नाही.

माझं बीकॉम झालंय हो. जाणकारांनी प्लीज हिशोब समजावून सांगा. आजच्या पक्षांवरून भांडण नको, त्यासाठी ग्रुप आहेच.

आकडेमोड

जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तेव्हा सगळे मतदारसंघ आजच्यासारखे एका खासदाराचे नव्हते. लोकसभेच्या ४८९ जागा होत्या पण मतदारसंघ ४०१ च. त्यातले ३१४ एका जागेचे, ८६ दोन जागांचे आणि एक (उत्तर बंगाल) चक्क तीन जागांचा. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदार यादी एकच, सगळ्या जातीधर्माच्या लोकांना दोन दोन मतं. म्हणजे राखीव जागेवर कोण जाणार हे फक्त दलित मतदार ठरवत नव्हते, अख्खा मतदारसंघ ठरवत होता, हे डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मतमोजणी कशी, तर आधी राखीव जागेचा निकाल. राखीव जागेसाठी अर्ज भरलेल्यांत ज्याला जास्त मतं तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत जो वर तो दुसऱ्या जागेवर. म्हणून काजरोळकरांची तुलना मेहतांशी नाहीच, ती फक्त बाबासाहेबांशी. १,३८,१३७ वजा १,२३,५७६, फरक १४,५६१. आणि मेहतांची तुलना गांधींशी, तिथे ते साधारण साडेनऊ हजारांनी पडले. मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं असूनही उपयोग शून्य.

आता तुमचा सोळा हजारांचा प्रश्न, आणि माझ्या मते निकालाची खरी किल्ली तिथेच आहे. समाजवादी आणि फेडरेशन यांची युती होती, ठरलं असं की समाजवादी मतदाराने एक मत मेहतांना द्यायचं आणि दुसरं आंबेडकरांना, फेडरेशनच्या मतदाराने तेच उलट क्रमाने. एका उमेदवाराला एका माणसाचं एकच मत धरलं जायचं. म्हणजे मेहतांना १,३९,७४१ माणसांनी मत दिलं. त्यातल्या जास्तीत जास्त १,२३,५७६ जणांनी बाबासाहेबांना दुसरं मत दिलं असेल, तेही बाबासाहेबांचा एकूण एक मतदार मेहतांकडे गेला असं धरलं तर. म्हणजे कमीत कमी १६,१६५ लोक असे निघतात ज्यांनी मेहतांना मत दिलं आणि युतीचा उमेदवार असूनही आंबेडकरांना दिलं नाही. कमीत कमी म्हणतोय, प्रत्यक्षात जास्तच असणार.

हरले किती मतांनी? १४,५६१. त्या १६,१६५ जणांनी ठरल्याप्रमाणे दुसरं मत टाकलं असतं तर बाबासाहेब १,३९,७४१ वर गेले असते आणि काजरोळकर मागे पडले असते. झाला हिशोब.

दुसरी बाजूही सांगतो नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं. काँग्रेसच्या गांधींना मत देणाऱ्यांपैकीही किमान ११,००१ जणांनी आपल्याच पक्षाच्या काजरोळकरांना मत दिलेलं नाही. काँग्रेस काय, समाजवादी काय, राखीव जागेच्या उमेदवाराला दुसरं मत देताना सवर्ण मतदाराचा हात आखडला असं मला या आकड्यांत दिसतं. काँग्रेसची लाट होती म्हणून त्यांचं निभावलं. बाबासाहेबांकडे तेवढी गळती सोसण्याइतकी मतं नव्हती.

परळचा_पोऱ्या

+१ आकडेमोड. हा १६ हजारांचा मुद्दा मी कुठेच वाचला नव्हता. मामांना दाखवा, जुन्या समाजवाद्यांना झोंबणार आहे.

अभ्यासू_उंदीर

ते पीए प्रकरण. एका फॉरवर्डमध्ये काजरोळकर पीए असतात, दुसऱ्यात दूधवाले, आणि आचार्य अत्र्यांनी तर 'घटनाकार' समोर 'लोणीविक्या' उभा केल्याची जी टिंगल केली ती मराठी माणसाच्या इतकी तोंडात बसली की त्या माणसाबद्दल दुसरं काही कुणाला माहितीच नाही. पीए असोत वा नसोत, मतपेटीत त्याने काय फरक पडतो? लोक काँग्रेसच्या बैलजोडीला मत देत होते. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, मतपत्रिकेवर शिक्का बिक्का काही मारायचा नाही, नुसती घडी करून आपल्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी केलेली सोय होती. फेडरेशनचं चिन्ह हत्ती. (हो, तोच.)

आणि लोणी विकणारा माणूस घटनाकाराला हरवतो याची टिंगल करताना आपण कुणाची बाजू घेतोय तेही बघा जरा. एक माणूस एक मत हे बाबासाहेबांनीच संविधान सभेत ठासून सांगितलेलं आहे, त्यात लोणीवाल्यालाही उभं राहता येतं. काजरोळकर काँग्रेसचे कार्यकर्ते होते, १९७० ला त्यांना पद्मभूषण मिळालं. यावरून काँग्रेसने बक्षीस दिलं असं म्हणणारे म्हणतात, अठरा वर्षं उशिरा दिलेलं बक्षीस म्हणजे कमालच आहे. असो.

बाबासाहेबांसमोर तगडा राखीव उमेदवार शोधायचा ही काँग्रेसची पद्धत त्याआधीचीही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईतच त्यांच्यासमोर बाळू पालवणकरांना उभं केलं होतं, ते प्रसिद्ध क्रिकेटपटू, डावखुरे फिरकी गोलंदाज. तेव्हा बाबासाहेब जिंकले, पण बाळूंनीही चांगली मतं घेतली होती.

परळचा_पोऱ्या

आता डांग्यांवर बोलू का? आमचे आजोबा गिरणीत होते, साचेखात्यात (म्हणजे विणकामाच्या खात्यात), लाल बावटावाले. शेजारच्या खोलीत जय भीमवाले काका. दोघं एकाच पाळीला जायचे आणि निवडणूक आली की महिनाभर बोलणं बंद. त्यामुळे हा विषय आमच्या चाळीत पुस्तकातून आलेला नाही.

चहाबाज, डांगे राखीव जागेवर नव्हते हे बरोबर, पण त्यांना बाबासाहेबांना पाडायचं तर राखीव जागेवर उभं राहायची गरजच नव्हती. त्यांच्या मतदाराकडे पण दोन मतं होतीच ना. एक डांग्यांना, दुसरं कुणाला? कम्युनिस्टांचा प्रचार असा होता की दुसरं मत कुजवा पण आंबेडकरांना देऊ नका. कुजवा म्हणजे दोन्ही मतपत्रिका डांग्यांच्याच पेटीत टाका, एक धरली जाईल, दुसरी बाद होईल. हा आरोप फेडरेशनवाले आणि समाजवादी दोघंही करत होते, तुमचे मामा त्याच पिढीचे, त्यांच्या डोक्यात तेच आहे.

पण एकतर्फी राग धरण्याआधी हेही बघा. फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात सरळ लिहिलं होतं की हिंदू महासभा आणि संघासारख्या प्रतिगामी पक्षांशी युती नाही, आणि कम्युनिस्ट पक्षाशीही नाही, कारण त्यांना संसदीय लोकशाही मोडून हुकूमशाही आणायची आहे. दार तुम्हीच लावलंत तर समोरचा तुमच्यासाठी मतं का मागेल? आणि हे भांडण १९५१ चं नाही. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी विचारलं होतं की विणकर खात्यात अस्पृश्यांना का घेत नाही, तिथे पगार चांगला आणि सूत तोंडाने ओढावं लागतं म्हणून बाटतं असं सवर्ण कामगार म्हणायचे, आणि युनियन ते मुकाट चालवून घ्यायची. आजोबांना हे विचारलं की ते विषय बदलायचे.

मग १९३८ ला औद्योगिक कलह बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप, तो बाबासाहेब आणि डांगे दोघांनी मिळून केला. म्हणजे जमतही होतं. आणि खरी गंमत १९५७ ला. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या तिकिटवाटपात मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघात उमेदवार कोण, तर डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने. दोघंही निवडून आले! ज्या दुसऱ्या मतावरून पाच वर्षांपूर्वी शिव्या घातल्या तेच दुसरं मत लाल बावट्यावाल्यांनी हत्तीला दिलं आणि हत्तीवाल्यांनी डांग्यांना. तोवर बाबासाहेब गेले होते, डिसेंबर ५६ ला.

नीलांबरी

परळदादा, छान लिहिलंय, पण मत कुजवण्याचा आकडा कुणीच दिला नाही. ७४,३३३. एवढी मतं या मतदारसंघात बाद धरली गेली असं म्हणत बाबासाहेब आणि अशोक मेहता दोघांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली होती, निकाल रद्द करा म्हणून. ती फेटाळली गेली.

१४,५६१ ने हार आणि ७४,३३३ मतं बाद, हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटतं की संपलं, डांग्यांनीच पाडलं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. एक तर ती सगळी डांग्यांच्या पेटीतली होती असं धरता येत नाही, दोन मतं एकाच पेटीत टाकणारे प्रत्येक पक्षाचे असणार, बाबासाहेबांच्या पेटीत दोन्ही टाकणारे त्यांचे भक्त तर नक्कीच असणार. दुसरं, ती मतं बाद झाली नसती तर बाबासाहेबांना गेली असती हे कशावरून? डांग्यांचा मतदार दुसरं मत काजरोळकरांनाही देऊ शकला असता.

आणि एक गोष्ट जी या वादात कुणी काढत नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळीच्या सगळी एका उमेदवाराला दिली तरी चालायची. अल्पसंख्य गटाला आपली सगळी ताकद एकाच्या मागे लावता यावी म्हणून. बाबासाहेबांचा या पद्धतीला पाठिंबा होता आणि त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला तिचा फायदाही झाला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मात्र कलम ६३ ने सांगितलं की एका उमेदवाराला एकच मत, जास्त दिलं तर जास्तीचं बाद. आणि तो कायदा संसदेत मांडणारे कायदामंत्री कोण, तर स्वतः डॉ. आंबेडकर. म्हणजे १९३७ चा नियम असता तर फेडरेशनच्या मतदाराला दोन्ही मतं हत्तीच्या पेटीत टाकता आली असती आणि ही चर्चाच झाली नसती. (मग अर्थात डांग्यांचीही दुप्पट झाली असती, पण ते राखीव जागेच्या शर्यतीत नव्हते.)

त्या ७४ हजारांतले काही जुन्या सवयीने टाकणारे असतील का असं मला वाटून जातं, पण हा निव्वळ माझा तर्क.

चहाबाज

बाप रे. धन्यवाद सगळ्यांना, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे युतीची मतं पूर्ण वळली नाहीत हे पहिलं आणि कुजवलेली मतं हे दुसरं, असं समजू का? आणि हे सगळीकडेच असं झालं का, की मुंबईतच? फेडरेशनचं कुणी निवडून आलंच नाही का?

आकडेमोड

आले की, दोन. सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि तिकडे हैदराबाद राज्यात करीमनगरहून एम. आर. कृष्णा. सोलापूर पण दोन जागांचाच, तिथे शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे राजभोज दोघं सोबत निवडून आले. म्हणजे जिथे जोडीदार पक्षाचा मतदार दुसरं मत देतो तिथे हत्ती चालतो. फेडरेशनची स्वतःची मतं दोन्हीकडे पक्की, फरक जोडीदाराच्या मतदारात. मुंबईचा शहरी, शिकलेला, पेपर वाचणारा समाजवादी मतदार यात कमी पडला आणि सोलापूरकडचा शेतकरी नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

वैनगंगा

सगळे मुंबईवरच बोलून राहिले, आमच्या भंडाऱ्याचं कुणाला आठवत नाही ना बाप्पा! बाबासाहेब लोकसभेला एकदा नाही, दोनदा हरले. दुसऱ्यांदा १९५४ च्या पोटनिवडणुकीत, भंडाऱ्यातून. तेव्हा भंडारा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. गोंदिया पण भंडाऱ्यातच, तो जिल्हा आत्ता १९९९ ला वेगळा झाला.

तिथेही तोच खेळ. दोन जागा, एक राखीव. बाबासाहेबांसोबत पुन्हा अशोक मेहताच, आता प्रजा समाजवादी पक्षाचे. काँग्रेसकडून राखीव जागेवर भाऊराव बोरकर. निकाल काय लागला, तर मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले, आठ हजारांच्या वर मतांनी. म्हणजे मुंबईला निदान दोघं सोबत पडले होते, इथे एक चढला आणि एक राहिला. फेडरेशनच्या लोकांनी आपलं दुसरं मत इमानदारीने मेहताला दिलं, तिकडून तेवढं परत आलं नाही. आकडेमोड भाऊंचा मुंबईचा हिशोब इथे तर आणखीच घट्ट बसतो.

आमच्याकडे जुनी माणसं एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती मी लहानपणापासून ऐकत आलोय. निवडणुकीच्या आधी कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना म्हटलं की बाबा, आपल्या लोकांना सांगू का दुसरं मत कुजवा म्हणून, मेहताला दिलं तर काँग्रेसवाले दोघं आणि मेहता यांच्या भांडणात आपलंच नुकसान होईल, मुंबईत आपल्यासोबत काय झालं ते पाहिलं ना. बाबासाहेब चिडले. मी घटना लिहिली आणि मीच लोकांना मत वाया घालवा सांगू? हरलो तरी चालेल, असं म्हणाले म्हणतात. शब्द जसेच्या तसे हेच होते असं मी म्हणत नाही, प्रत्येक गावात थोडे वेगळे ऐकायला मिळतात, कुठे नागपुरात म्हणाले कुठे गोंदियात. पण मेहताच्या विजयात फेडरेशनची मतं होती हे इथे कुणालाही विचारा.

कुजवण्याचा सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यांचा हिशोब बरोबर होता का? माझ्या मते नव्हता. दुसरं मत कुजवल्याने बाबासाहेबांचं मत वाढणार नव्हतं, बोरकरचं कमी होणार नव्हतं. फक्त मेहता पडले असते. राग काढायला ठीक होतं.

नीलांबरी

वैनगंगा, शेवटचा परिच्छेद अगदी बरोबर. धमकी म्हणून मात्र उपयोग झाला असता, की तुमची मतं आली नाहीत तर आमचीही नाहीत. सौदा करायला हातात काहीतरी लागतं आणि बाबासाहेबांनी तेच आधी देऊन टाकलं.

रोखठोक७२

एवढा किस पाडून काय उपयोग? साधी गोष्ट आहे, काँग्रेसने हरवलं आणि नंतर दया दाखवून राज्यसभेत घेतलं. खाल्ल्या मिठाला जागले नाहीत ते वेगळं.

अभ्यासू_उंदीर

दया? काहीही. राज्यसभेवर ते १९५२ ला मुंबई विधानसभेतून निवडून गेले, नियुक्त नव्हते. तिथे एकाच संक्रमणीय मताची पद्धत असते, म्हणजे पसंतीक्रम. मुंबई राज्याला १७ जागा आणि आमदार ३१५. हिशोब करा, ३१५ भागिले १८, अधिक एक, साधारण १८ आमदारांची मतं असली की एक माणूस निवडून येतो. काँग्रेसचे २६९ आमदार सोडून उरले किती? चाळीसच्या वर. एकट्या शेकापचे १४, समाजवादी ९, शिवाय अपक्ष. विरोधकांनी ठरवलं तर एक माणूस आरामात राज्यसभेत जातो, काँग्रेसच्या मेहेरबानीची गरजच नाही. पद्धत बदलली की तोच माणूस, तेच राज्य, तीन महिन्यांत निकाल उलटा.

मीठ कुणी कुणाचं खाल्लं यावर वेगळा धागा काढा. १९४६ ला संविधान सभेत मुंबईतून त्यांना जाता आलं नाही, बंगालमधून तिकडचे फेडरेशनचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी निवडून आणलं. फाळणी ठरल्यावर ती जागा जाणार होती, तेव्हा १९४७ च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे तेव्हाचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून मुंबईतून निवडून द्यायला सांगितलं. म्हणजे ती दया नव्हती, काँग्रेसचीही तितकीच गरज होती.

परळचा_पोऱ्या

रोखठोक, धागाकर्त्याने वर लिहिलंय आजचं भांडण नको. वाचा तरी.

चहाबाज

अजून एकच शंका. ही दोन जागांची भानगड बंद कधी झाली? आणि राखीव उमेदवाराला सर्वसाधारण जागेवरच्यापेक्षाही जास्त मतं पडली तर काय व्हायचं?

आकडेमोड

हा खरा मस्त प्रश्न. तसं झालंय, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस पुढे राष्ट्रपती झाला.

१९५७, आंध्रातला पार्वतीपुरम मतदारसंघ, दोन जागा, एक अनुसूचित जमातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे व्ही. व्ही. गिरी, नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री राहून आलेले. मोजणी झाली, राखीव जागेवर एक आदिवासी उमेदवार निवडून आला, आणि उरलेल्यांत सगळ्यात वर कोण, तर दुसरा आदिवासी उमेदवार, सुरी डोरा! नियम सांगतो उरलेल्यांत जो वर तो. दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना आणि गिरी घरी. गिरी सुप्रीम कोर्टात गेले, म्हणणं असं की ज्याने राखीव जागेसाठी अर्ज भरला त्याला सर्वसाधारण जागेवर मोजायचंच नाही. १९५९ ला कोर्टाने बहुमताने सांगितलं की असं काही नाही, राखीव म्हणजे किमान एवढी जागा, सर्वसाधारण जागा सगळ्यांना खुली.

१९६१ ला कायदा करून दोन जागांचे मतदारसंघच बंद केले आणि त्याचे एक-एक करून तुकडे केले, काही राखीव काही खुले. कारण सांगितलं की मतदारसंघ फार मोठे होतात, उमेदवाराला फिरता येत नाही, खर्च दुप्पट. ते खोटं नव्हतं. पण १९५२ आणि ५४ ला आंबेडकर पडले तेव्हा कुणाला ही पद्धत बदलावीशी वाटली नाही आणि गिरी पडल्यावर चार वर्षांत बदलली, एवढं मी नोंदवून ठेवतो.

नीलांबरी

सुरी डोरा निकालात एक भर. कोर्टाचं ते तत्त्व आजही लागू आहे, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस खुल्या जागेवर उभा राहू शकतो आणि निवडून येऊ शकतो. कायद्याने आडकाठी नाही. तिकीट कोण देतं ते बघा फक्त.

वैनगंगा

बरोबर ताई. भंडारा-गोंदिया आता खुला आहे. किती पक्षांनी तिथे दलित उमेदवार दिला ते कुणीतरी शोधून टाका ना, मी पण बघतो इकडच्या जुन्या पेपरात काही सापडतं का.